ब्रासात मोजलेली टेकडी

पुण्यातल्या वारज्यातून जाणाऱ्या मुंबई–बंगळूरू महामार्गावर कोणत्याही वेळी पाहिले तरी खडीने भरलेला एखादा हायवा डंपर दिसतोच. वर कशीबशी बांधलेली ताडपत्री, मागच्या फळीतून ठिबकणारे पाणी आणि त्याच्या मागे अंतर राखून चालणारे दुचाकीवाले. ही खडी वारज्यात निघत नाही. मुळशी, हवेली, खेड अशा आसपासच्या तालुक्यांतल्या दगडखाणींतून ती येते आणि इथल्या इमारतींत, रस्त्यांत, पुलांत जिरते. जवळच्या चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ च्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर सुरुंगाने पाडला, तेव्हा सहाशे किलोंच्या आसपास स्फोटके लागली. वाहतूक बंद, पोलीस बंदोबस्त, दूरचित्रवाणीवर उलटी मोजणी, असा सगळा थाट झाला. (पूल पहिल्या फटक्यात पुरता पडला नाही, तो भाग वेगळा.) त्या जागी जो नवा चौक २०२३ मध्ये उभा राहिला, त्याच्या दगडासाठी कुठेतरी एका डोंगरात असेच सुरुंग उडाले असणार. त्यांची उलटी मोजणी कोणी दाखवली नाही.

पुण्याभोवतीच्या टेकड्या कायदा नसल्यामुळे पोखरल्या जातात, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. कायदे आहेत, नियम आहेत, न्यायालयांचे निकाल आहेत, आणि त्यांची संख्या कमी नाही. अडचण वेगळीच आहे. टेकडीतून किती ब्रास माल निघाला हे मोजण्यासाठी शासनाची सगळी यंत्रणा उभी आहे. माल निघून गेल्यावर तिथे काय उरले हे मोजण्यासाठी ती मुळात बांधलेलीच नाही. त्यामुळे एक सोयीचा गोंधळ रूढ झाला आहे: ज्याने रॉयल्टी भरली तो कायद्यात बसला. रॉयल्टी ही जमिनीखालच्या मालाची किंमत आहे. माल काढायची परवानगी ही निराळी गोष्ट, आणि तो काढताना पाळायच्या अटी ही तिसरीच. या तिन्हींची गाठ एका पावतीत बांधली गेली, आणि पर्यावरणाचे नियमन तिथेच हरवले.

सुरुवात शब्दापासून होते. १९५७ च्या केंद्रीय खाणी व खनिजे कायद्याने बांधकामाचा दगड, खडी, साधी माती, साधी वाळू यांना गौण खनिज म्हटले आणि त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांकडे सोपवला. लोखंड, मँगनीज, बॉक्साइट ही प्रमुख खनिजे. त्यांच्यावर देखरेख करणारे भारतीय खाण ब्यूरो आपल्याच नागपुरात आहे. प्रमुख खनिजाच्या खाणवाल्याला खाण बंद करण्याचा आराखडा आधीच मंजूर करून घ्यावा लागतो आणि त्यापोटी हेक्टरच्या हिशेबाने आर्थिक हमी द्यावी लागते. केंद्राचे हे नियम दगडाला लागू नाहीत, कारण तो गौण. आता गौण म्हणजे कमी महत्त्वाचे, असा अर्थ कायद्याला अभिप्रेत नसेलही. हे वर्गीकरण उपयोगावरून आणि कारभाराच्या सोयीवरून झालेले आहे. पण शब्द नुसता बसून राहत नाही. तो कार्यालयातल्या माणसाच्या मनात काम करतो. १० फेब्रुवारी २०१५ रोजी केंद्राने आणखी ३१ खनिजे गौण ठरवली, त्यांत कोकणातला जांभा आणि सिलिका वाळूही होती. आदल्या दिवशीपर्यंत जी खाण नागपूरच्या देखरेखीखाली होती, ती राजपत्राच्या एका पानाने जिल्ह्याच्या कचेरीत आली. डोंगराला पडणाऱ्या खड्ड्याचा आकार काही त्यामुळे बदलला नाही.

पर्यावरणाच्या बाजूनेही दगड बराच काळ मोकळा होता. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत ५ हेक्टरपेक्षा लहान खाणपट्ट्याला पूर्वमंजुरी लागत नव्हती. मग देशभर व्हायचे तेच झाले: मोठ्या क्षेत्राचे पाच हेक्टरच्या आतले तुकडे पाडून एकेकाचा वेगळा पट्टा. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही वाट बंद केली. लहान पट्ट्यांचा एकत्रित परिणाम मोठ्या खाणीपेक्षा कमी नसतो, म्हणून पाच हेक्टरखालच्या गौण खनिजालाही पर्यावरण मंजुरी हवी, असे न्यायालयाने सांगितले. महाराष्ट्राने २०१३ मध्ये गौण खनिज उत्खननाचे नवे नियम केले. मग जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने लहान पट्ट्यांची मंजुरी देण्याचा अधिकार राज्यपातळीच्या प्राधिकरणाकडून काढून जिल्हा पातळीवरच्या एका प्राधिकरणाला दिला, आणि त्याचा अध्यक्ष कोण, तर जिल्हाधिकारी. ज्याच्या कचेरीवर खनिजाच्या वसुलीची जबाबदारी, त्याच्याच हाती पर्यावरणाचा शिक्का. सप्टेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने या व्यवस्थेवर आक्षेप घेतला आणि मंजुरीचे काम पुन्हा राज्यपातळीच्या प्राधिकरणाकडे गेले. सहा वर्षांत एकाच दगडाचा रखवालदार तीनदा बदलला. इतक्या वेळा नियम बदलले की पाळणाऱ्याचा गोंधळ होतो, हे खरे; पण न पाळणाऱ्याची मात्र त्यात चांगली सोय होते, हेही तितकेच खरे.

जमिनीवर प्रत्यक्षात काय घडते ते समजून घ्यायला ब्रास हे माप घ्यावे लागते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर, खडीच्या वजनात चार ते साडेचार टन. महाराष्ट्रात दगडाचे स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, सध्या ब्रासला ६०० रुपये आहे. खाणपट्टाधारकाने ते भरायचे, ‘महाखनिज’ या संगणकप्रणालीवरून वाहतूक पास काढायचा आणि पासाशिवाय निघालेली गाडी महसूल खात्याने अडवायची, अशी ही रचना आहे. तलाठ्याचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी झाले असले तरी पंचनाम्याला त्यालाच जावे लागते. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ (७) खाली अवैध उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, वाहन सरकारजमा करता येते. खाणीची ईटीएस या मोजणीयंत्राने मोजणी होते, अलीकडे ड्रोननेही होते. यात ढिलाई नाही असे नाही, पण विचार करण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. ही सगळी मोजणी खड्ड्यातून किती ब्रास गेले हे काढण्यासाठी आहे. दंडाचा हिशेबही ब्रासात. कड्याचा उतार किती ठेवला, पायऱ्यापायऱ्यांनी खणले की सरळ भिंत कापली, वरची माती वेगळी साठवली का, ओढ्यापासून किती अंतर सोडले, हे त्या मोजणीच्या रकान्यात येत नाही. दंड भरला की प्रकरण निकाली निघते. खड्डा तसाच राहतो.

दरवर्षी प्रत्येक जिल्ह्याला गौण खनिजाच्या वसुलीचा इष्टांक ठरवून दिलेला असतो. मार्च जवळ आला की तहसील कचेरीत या इष्टांकाची चर्चा सुरू होते आणि कारवायांनाही जोर चढतो. यात कोणा अधिकाऱ्याची वैयक्तिक चूक काढायची नाही. ज्याच्या कामाचे मूल्यमापन वसुलीवर होते तो वसुलीच करणार. पण जो विभाग जास्त माल निघाला तर यशस्वी ठरतो, त्याच्याकडूनच माल कमी काढण्याचा आग्रह धरणे म्हणजे दारूबंदीचे काम उत्पादन शुल्क खात्याला इष्टांकासह देण्यासारखे आहे.

याहून मोठी मेख ग्राहकाकडे आहे. दगडाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे सरकारच: सार्वजनिक बांधकाम विभाग, महापालिका, महामार्ग, रस्तेविकास महामंडळ. सरकारी कामाच्या ठेकेदाराने वापरलेल्या खडीमुरमाची रॉयल्टी भरल्याच्या पावत्या बिलासोबत जोडायच्या असतात. त्या नसतील तर तेवढी रक्कम बिलातून कापून घेतली जाते आणि महसुलात जमा होते. वरकरणी ही पद्धत शहाणपणाची वाटते, कारण सरकारचा पैसा बुडत नाही. पण नीट पाहिले तर इथे काय होते? ज्या मालाची पावती नाही, तो कुठून आला हे विचारण्याची हीच नेमकी जागा होती. ती कपातीने भरून निघाली. दगड मंजुरी असलेल्या खाणीतला की एखाद्या टेकडीच्या पायथ्याला रात्रीत जेसीबी लावून काढलेला, याची चौकशी करण्याचे कारणच उरले नाही. सरकार एका हाताने अवैध उत्खननावर पथके नेमते आणि दुसऱ्या हाताने तोच माल रॉयल्टी कापून रस्त्यात घालते.

पर्यावरण मंजुरीच्या कागदाकडे वळू. ज्या खाणीला ती मिळालेली असते, तिच्या मंजुरीपत्रात अटींची लांबलचक यादी असते. धूळ बसवायला पाण्याचे फवारे, सुरुंगाच्या वेळा, झाडांचा पट्टा, कामगारांची आरोग्यतपासणी, काम संपल्यावर जमीन पूर्ववत करणे. खडीक्रशरसाठी तर केंद्राचे मानक आहे: यंत्रापासून ३ ते १० मीटर अंतरावर हवेतल्या तरंगत्या कणांचे प्रमाण घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नये, यंत्र झाकलेले हवे, वारा अडवणारी भिंत हवी, आतला रस्ता पक्का आणि ओला हवा. अटी वाईट नाहीत. या अटी पाळल्याचा अहवाल खाणवाल्याने दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला स्वतःच द्यायचा असतो. परीक्षार्थीनेच आपली उत्तरपत्रिका तपासून गुण कळवायचे, अशी ही सोय आहे. मंजुरीनंतरच्या देखरेखीची तपासणी नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी देशपातळीवर केली होती; २०१६ च्या त्या अहवालात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयांत माणसे अपुरी असल्याचे आणि अटी मोडणाऱ्यावर स्वतः कारवाई करण्याचा अधिकारच त्यांना दिलेला नसल्याचे नोंदवले आहे. उल्लंघन दिसले तर दिल्लीला कळवायचे, एवढेच. आणि मंजुरी देताना जी छाननी होते ती मंजुरी मिळेपर्यंतच असते. लग्न लागेपर्यंत पत्रिका जुळवायची आणि नंतर संसाराकडे ढुंकून बघायचे नाही, असा हा प्रकार.

इथे कोणी म्हणेल, दगड म्हणजे काही सोने किंवा युरेनियम नव्हे. त्यात विषारी रसायने नसतात, आणि सह्याद्रीत काळ्या दगडाला काय तोटा? आक्षेप अगदीच पोकळ नाही. सोन्याच्या खाणीतून सायनाइड किंवा पारा पाण्यात जाण्याचा जो धोका असतो, तो बेसाल्टच्या खाणीत नाही. पण दख्खनच्या पठाराची रचना पाहिली की टेकडी म्हणजे दगडांचा साठा हे समीकरण टिकत नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर रचून हा प्रदेश झाला. काही थर घट्ट, काही सच्छिद्र. वरचा भाग ऊनपावसाने कुजून त्याचा मुरूम झालेला. पाणी साठते ते या मुरमात आणि सच्छिद्र थरांत. मुरूम आणि मुरणे या शब्दांचे नाते असो वा नसो, पुण्याच्या परिसरात पाणी मुरते ते बव्हंशी इथेच. टेकडीची वरची झूल काढून नेली की पायथ्याच्या विहिरींना पुरवठा करणारी टाकीच उचलून नेल्यासारखे होते. उरतो तो घट्ट काळा कडा, ज्यावरून पाणी मुरत नाही, सुसाट धावते. जून २०१३ मध्ये कात्रजच्या नव्या बोगद्याजवळ शिंदेवाडीला हेच घडले. तोडलेल्या टेकडीवरून आलेला लोंढा महामार्गावर घुसला आणि एक आई आणि तिचे तान्हे मूल वाहून गेले. जी टेकडी कापली होती तिचे किती ब्रास झाले आणि किती दंड बसला, याचे कागद तयार झाले असतील. पण कोणत्याही ब्रासाच्या हिशेबात तो लोंढा नव्हता. (राज्याच्या गौण खनिज नियमांच्या इंग्रजी मसुद्यातही मुरूम हा शब्द जसाच्या तसा आहे. साहेबाच्या भाषेला त्याला पर्यायी शब्द सापडला नाही, यावरून तरी त्याचे वेगळेपण ध्यानात यायला हरकत नव्हती.)

पावतीलाच परवानगी मानण्याचा प्रकार किती दूर जाऊ शकतो, ते गोव्याने दाखवले. गोव्यातले लोहखनिजाचे पट्टे पोर्तुगीज काळातल्या सवलतींतून आलेले. त्यांचे पहिले नूतनीकरण २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपले. त्यानंतर पुढची पाच वर्षे खाणी चालूच राहिल्या, चीनच्या मागणीमुळे २०१०-११ मध्ये निर्यात ५ कोटी टनांच्या पुढे गेली, आणि त्या सगळ्या मालावर सरकार स्वामित्वधन घेत राहिले. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल २०१२ मध्ये संसदेत आला. सुमारे ३५ हजार कोटी रुपयांचे नुकसान त्यात मांडले होते. २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोवा फाउंडेशन या पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला की २००७ नंतरचे सर्व उत्खनन बेकायदा होते, आणि पुढे वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली. सरकारने लगोलग ८८ पट्ट्यांचे पुन्हा नूतनीकरण केले. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने तेही रद्द केले. पाच वर्षे भरलेल्या रॉयल्टीने एका टनालाही कायदेशीर केले नाही. गोव्यातल्या खाणवाल्यांपैकी पुष्कळांकडे पर्यावरण मंजुऱ्याही होत्या, हे विसरता कामा नये. कागद होते, कागदातल्या अटी आणि साळ, मये, डिचोलीची शेते यांच्यामध्ये बघणारा कोणी नव्हता. तिथून जवळच, आपल्या दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे गावात जुलै २०२१ मध्ये खाणीचा बांध फुटून चिखलाचे पाणी वस्तीत आणि बागायतीत शिरले. त्या खाणीला गावकऱ्यांनी बारा वर्षांपूर्वी विरोध केला होता.

खाण आणि पर्यावरण यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न आफ्रिकेतल्या देशांनाही पडलेला आहे, आणि आपण त्यांच्याकडून काही शिकावे अशी कल्पना आपल्याकडे फारशी कोणाच्या मनात येत नाही. घाना हा सोन्यावर जगणारा देश. त्याने १९९४ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्था कायद्याने उभी केली आणि १९९९ च्या नियमांत एक तरतूद घातली: खाणकंपनीने जमीन पूर्ववत करण्याचा आराखडा द्यायचा आणि त्या खर्चाएवढी हमी आधीच जमा करायची. काम नीट केले की पैसे परत. पुढे त्यांनी ‘अकोबेन’ नावाची पद्धत आणली. अकोबेन म्हणजे तिथले रणशिंग. प्रत्येक मोठ्या खाणीला लाल, नारिंगी, निळा, हिरवा किंवा सोनेरी असा रंग द्यायचा आणि तो जाहीर करायचा. आपल्या प्रदूषण नियंत्रण मंडळानेही ५ जून २०१७ रोजी उद्योगांना तारे देण्याची योजना सुरू केली होती. ती धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या कणांवर बेतलेली आहे. दगडखाणीला धुराडे नसते.

पण घानाचे उदाहरण घेताना त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर तो देखावा होईल. तिथे ‘गॅलमसी’ म्हणजे परवान्याविना चालणाऱ्या छोट्या सोनखाणींनी प्रा आणि अंकोब्रा या नद्यांचे पाणी मातकट करून टाकले आहे. हमी जमा करणाऱ्या कंपन्यांना पत्ता आहे, कार्यालय आहे, समभाग बाजारात नाव आहे. गॅलमसीवाल्याला यातले काही नाही. नियम त्यालाच लागू पडतो ज्याला तो लागू करता येतो. तेव्हा नुसती हमी मागितल्याने प्रश्न सुटत नाही, आणि आपल्याकडे हा धोका अधिकच आहे, कारण रात्री मुरूम काढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला कसली हमी मागणार? मात्र घानापेक्षा आपली एक बाजू बळकट आहे. सोने खिशात घालून देशाबाहेर नेता येते. खडी नेता येत नाही. ती पन्नास-साठ किलोमीटरच्या पलीकडे नेणे परवडत नाही, आणि शेवटी ती ज्या ठिकाणी जाते ते ठिकाण पक्के नोंदलेले असते: नकाशा मंजूर झालेली इमारत किंवा निविदा निघालेला रस्ता. पुरवठ्याच्या टोकाला हजार खड्डे असले तरी मागणीच्या टोकाला मोजके दरवाजे आहेत आणि त्या प्रत्येक दरवाज्यावर सरकारी शिक्का आहे.

म्हणून उपाय खाणीच्या तोंडाशी जितका आहे, त्याहून जास्त बिलाच्या खिडकीवर आहे. सरकारी कामाच्या बिलाला रॉयल्टीच्या पावतीबरोबर खाणीच्या पर्यावरण मंजुरीचा क्रमांक आणि त्या वर्षाच्या मंजूर उत्पादनातला शिल्लक कोटा जोडणे सक्तीचे करता येते. महाखनिजवर वाहतूक पास निघत असेल तर ही जोड फार अवघड नाही. पावती नसेल तर रक्कम कापायची नाही, बिलच थांबवायचे. महापालिकेने इमारतीला भोगवटापत्र देताना तेच विचारावे. ब्रासमागे ठरावीक रक्कम खड्डा दुरुस्तीच्या नावाने वेगळ्या खात्यात जावी, आणि ती महसुलाच्या इष्टांकात धरली जाऊ नये. अटींचा सहामाही अहवाल खाणीच्या फाटकावर मराठीत लावावा, म्हणजे सुरुंगाची वेळ सकाळी अकराची लिहिलेली असताना तो रात्री का उडतो, हे शेजारच्या वस्तीला विचारता येईल.

यावर पहिला आक्षेप दराचा. घरे महागतील. हिशेब करून पाहू. हजार चौरस फुटांच्या सदनिकेला ढोबळमानाने चाळीस घनमीटर काँक्रीट लागते; त्यात खडी आणि दगडाची वाळू मिळून सुमारे ४८ घनमीटर, म्हणजे १७ ब्रास. ब्रासमागे शंभर रुपये दुरुस्तीचे घेतले तर सदनिकेमागे १,७०० रुपये होतात, पाचशे घेतले तर साडेआठ हजार. वारज्यात मोटार लावण्याच्या जागेसाठी आकारली जाणारी रक्कम याच्या कैकपट असते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: छोटा खाणवाला सल्लागारांची फी देऊ शकत नाही, त्यामुळे कडक नियमांचा फायदा मोठ्यांनाच होतो. हे खरे आहे, आणि त्यावर उत्तर अट सैल करण्यात नाही. एका भागातल्या सगळ्या लहान खाणींचा अभ्यास शासनाने एकत्र करावा आणि खर्च वाटून घ्यावा. २०१२ च्या निकालाचा रोखही एकत्रित परिणाम पाहण्याकडेच होता. एकेकाचा सुटा अहवाल म्हणजे मागच्याच अहवालात नाव बदलून केलेली नक्कल, हे त्या धंद्यातल्या कोणालाही ठाऊक असते.

तिसरा आक्षेप रोजगाराचा, आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे. दगड फोडणारा वडार समाज, मराठवाड्यातून आणि परराज्यांतून आलेले मजूर, यांचे पोट खाणीवर आहे. गोव्यात खाणी थांबल्या तेव्हा ट्रकमालक आणि कामगार रस्त्यावर आले होते, आणि त्यांचा राग न्यायालयावर निघाला. पण त्या कामगारांना रस्त्यावर कोणी आणले? पाच वर्षे नियम पाळायला लावले असते तर सगळे एकदम बंद करायची वेळ आली नसती. शिवाय आजच्या खाणींत नियम मोडून वाचलेला पैसा मजुरापर्यंत पोचतो असे दिसत नाही. वाघोलीच्या खाणींवर मजुरांच्या मुलांसाठी शाळा काढायला ‘संतुलन’सारख्या स्वयंसेवी संस्थेला १९९७ पासून राबावे लागले, पाषाण शाळा या नावाने त्या ओळखल्या जातात. वैध खाणीत मजुराची नोंद असते, अपघात झाला तर विचारणारा असतो. अवैध खाणीत मजूरच अवैध ठरतो.

आता या सगळ्यात नवी भर पडली आहे. नद्यांतून वाळू काढण्यावर निर्बंध आल्यामुळे राज्याने मे २०२५ मध्ये कृत्रिम वाळूचे धोरण मंजूर केले. दगड दळून वाळू करायची, आणि तिला उत्तेजन म्हणून स्वामित्वधन ६०० ऐवजी २०० रुपये. नदीच्या दृष्टीने हे चांगलेच. पण नदीवरचा भार हवेत विरत नाही, तो डोंगरावर जातो. यापुढे खडीही डोंगराची आणि वाळूही डोंगराचीच. उत्तेजन द्यायचे तर ते डोंगराच्या दुरुस्तीच्या अटीसह देता आले असते. सवलत दिली ती ब्रासच्या दरात.

वारज्याला या प्रश्नाची दोन टोके एकाच नजरेत दिसतात. १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांत वारजे होते, आणि त्या गावांच्या टेकड्यांवर ९७८ हेक्टरांत जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आहे. २०१५ मध्ये राज्याने ते मान्य केले. इथल्याच १६.८ हेक्टर उजाड वनजमिनीवर २०१५ पासून लोकसहभागाने जे वन उभे राहिले, ते ५ जून २०२० रोजी केंद्राने देशातल्या नगरवनांसाठी नमुना म्हणून दाखवले. २३ जातींच्या वनस्पती, २९ पक्षी, १५ फुलपाखरे अशी त्याची नोंद झाली. शहराने आपल्या हद्दीतली टेकडी जपायला घेतली याचा आनंदच आहे. पण आरक्षणाने दगडाची मागणी कमी होत नाही, ती हद्दीबाहेर सरकते. नांदे-चांद्याच्या, भावडीच्या टेकडीवर कसले आरक्षण? आणि ओसाड टेकडीवर माती असेल तर वन उभे करता येते. शंभर फूट खोल कापलेल्या काळ्या भिंतीवर कोणतीही लोकसहभागाची मोहीम झाड लावू शकत नाही. अशा खाणींत मग पाणी साठते, पोहायला गेलेली मुले बुडाल्याच्या बातम्या येतात आणि पुढे शहराचा राडारोडा टाकायला ती जागा बरी म्हणून कोणी तरी प्रस्ताव देतो.

२८ मार्च २०२० रोजी, देशात टाळेबंदी लागून चार दिवस झाले असताना, केंद्राने एक अधिसूचना काढून रस्ते आणि वाहिन्यांसारख्या लांबलचक कामांसाठी माती-मुरूम काढायला पर्यावरण मंजुरीतून सूट दिली. हरकती मागवल्या नव्हत्या, किती माती काढायची याला मर्यादा नव्हती, कोणत्या कामाला लांबलचक म्हणायचे याची व्याख्या नव्हती. २१ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सूट मनमानी म्हणून रद्द केली. मधल्या चार वर्षांत या सवलतीखाली काढलेला मुरूम रस्त्यांच्या भरावात गेला, वरून डांबर आणि काँक्रीट पडले. मंजुरीच लागत नव्हती, त्यामुळे कोणत्या टेकडीचा कोणता उतार गेला आणि पायथ्याला कोणाची विहीर होती, याचे टिपण कुठल्या पर्यावरण प्राधिकरणाकडे असण्याचे कारण नाही. शोधायचेच झाले तर तहसील कचेरीत शोधावे लागेल. तिथे स्वामित्वधनाच्या चलनावर आकडा असेल, ब्रासमध्ये.